टीम नावाची ओळ

एका मुलीच्या नावावर मी एकदा फुकटचा रिबाउंड चढवला आहे. सामना संपायला मिनिटभर राहिलं होतं. तिचे गुण दहाच्या पुढे गेले होते, रिबाउंड मात्र नऊवर अडकले होते. रिंगखाली चार-पाच हात एकदम वर गेले, चेंडू कुणाच्या तरी बोटांना लागला, कुणाच्या तरी खांद्यावरून घसरला आणि शेवटी आमच्याच एकीच्या पोटाशी येऊन थांबला. शेजारी बसलेल्या बाईंनी नंबर पुकारायला अर्धा क्षण जास्त घेतला. तेवढ्यात मी कळ दाबून मोकळी झाले. दहा. गुण आणि रिबाउंड दोन्ही दोन आकडी, म्हणजे डबल-डबल झालं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बातमीपत्रात तिचं नाव आलं. तिच्या आईने ते कात्रण फ्रिजवर लावलं, असं नंतर कानावर आलं. मला काहीही वाटलं नाही.

वाटायला हवं होतं, कारण त्या दिवसांत रिबाउंडच्या आकड्यावर माझी श्रद्धा होती. दगडाला आपणच शेंदूर फासायचा आणि मग आपणच त्याच्यापुढे हात जोडायचे, तशातली गत.

मी मूळची नागपूरची. शाळा-कॉलेजात सिमेंटच्या कोर्टवर गार्ड म्हणून खेळले, बरी खेळले. पुढे दोन वर्षं मुंबईत नोकरी, मग लग्न, आणि आता कित्येक वर्षं साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया गावात. दिवसा एका विमा कंपनीत जोखमीची आकडेमोड करते. हिवाळ्यात आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तासाभराच्या अंतरावरच्या एका लहान कॉलेजच्या जिममध्ये जाऊन मुलींच्या बास्केटबॉल सामन्यांचे आकडे टिपते. कोर्टालगतच्या टेबलावर या कामाला दोघी लागतात. एक पाहून पुकारते, दुसरी लॅपटॉपवर टिपते. ‘बारा नंबर, शॉट, चुकला. रिबाउंड चौतीस.’ मी टिपणारी. टिपणारीची नजर निम्मा वेळ पडद्यावर असते आणि तिला सामना जेमतेम दिसतो, हे कळायला मला पाच हिवाळे लागले.

कोलंबियात राहून मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलपासून लांब राहणं कठीणच. इथल्या विद्यापीठाच्या संघासाठी १८,००० खुर्च्यांचं कलोनियल लाइफ अरीना भरतं. प्रशिक्षक डॉन स्टेली यांना इथे जो मान आहे तो राज्यपालाच्याही वाट्याला येत नसेल. २०१७ मध्ये या संघाने पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि माझ्या ऑफिसात दोन दिवस कुणी धड काम केलं नाही. मला खेळ आवडत होताच. पण खरं सुख वाटायचं ते सामना संपल्यावर हाती येणाऱ्या कागदाचं. गुण, पास, चोरलेले चेंडू, रिबाउंड, सगळं रकान्यांत. नागपूरला आमचे सर ‘ती चांगली खेळते’ म्हणायचे तेव्हा मी मनातल्या मनात विचारायची, चांगली म्हणजे किती? इथे त्या ‘किती’चं उत्तर छापून मिळत होतं.

रिबाउंडचा रकाना तर मला सगळ्यात स्वच्छ वाटायचा. शॉट चुकला, चेंडू जिच्या हाती आला तिच्या नावावर एक. पास चांगला की वाईट यावर वाद होऊ शकतो. चेंडू कुणाच्या हातात आहे यावर कसला वाद?

अगदीच भाबडी मात्र मी नव्हते. सामन्याला दहा रिबाउंड म्हणजे काय, हे सामन्यात शॉट किती चुकले यावर अवलंबून असतं, एवढं मला कळत होतं. भराभर खेळणारे आणि भराभर चुकवणारे संघ असले की दोन्हीकडच्या उंच मुलींची चंगळ. डीन ऑलिव्हर यांचं २००४ सालचं ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ हे पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. मग मी नुसते रिबाउंड मोजायचं सोडलं आणि टक्केवारी काढायला लागले: ही मुलगी कोर्टवर असताना चुकलेले जेवढे चेंडू घेण्यासारखे होते, त्यातले किती हिने घेतले? बचावाच्या रिंगखालचे वेगळे, चढाईच्या रिंगखालचे वेगळे. दहा चुकलेल्या शॉटांपैकी साधारण सहा-सात बचाव करणाऱ्या संघाकडेच जातात, म्हणून चढाईतल्या रिबाउंडला जास्त वजन. हे एवढं केल्यावर मला वाटलं, आपण नदी ओलांडली. खरं तर मी काठावरच चप्पल बदलून उभी होते.

२०२१ च्या वसंतात त्या लहान कॉलेजच्या कोचने मला एक काम सांगितलं. पुढच्या वर्षांसाठी तिला शाळेतून बाहेर पडणारी एक फॉरवर्ड हवी होती, मुख्यतः रिबाउंडसाठी. जागा एकच. ‘तू आकड्यांतली आहेस, जरा यादी करून दे.’ मी शेकडो सामन्यांचे कागद चाळून यादी केली. सगळ्यात वरची मुलगी उंच, लांब हातांची. सामन्याला तेरा-चौदा रिबाउंड, टक्केवारीही डोळे दिपवणारी. यादीच्या पार तळाशी एक होती, हिच्यापेक्षा चार बोटं बुटकी, सामन्याला जेमतेम पाच. तिला मी कोचच्या आग्रहावरूनच यादीत घातलं होतं.

कोच म्हणाली, ‘हिला मी दोनदा प्रत्यक्ष पाहिलंय. ही कोर्टवर असली की समोरच्यांना दुसरा शॉट मिळत नाही.’

‘कोच, तसं तुम्हाला वाटतं,’ मी म्हटलं.

तो ‘वाटतं’ मी कसा उच्चारला ते मला आजही ऐकू येतं. एखादा बडा डॉक्टर पेशंटच्या आजीच्या काढ्याबद्दल बोलतो, त्या सुरात. मी तिच्यापुढे तीन आलेख ठेवले. वीस वर्षं कोचिंग केलेल्या बाईला मी, जी आयुष्यात एका संघाचीही कोच नव्हते, आकड्यांनी गप्प केलं. उंच मुलगी आमच्याकडे आली. बुटकी त्याच लीगमधल्या दुसऱ्या कॉलेजात गेली.

पुढच्या वर्षी तर माझा ताठा आणखी वाढला. ३ एप्रिल २०२२, मिनिआपोलिस, राष्ट्रीय अंतिम सामना. आमच्या साउथ कॅरोलायनाने कनेक्टिकटला ६४–४९ असं हरवलं. कनेक्टिकट म्हणजे या खेळातलं सगळ्यात दबदब्याचं घराणं. आणि रिबाउंड? ४९–२४. दुपटीहून जास्त. चढाईच्या बाजूचे २१–६. आमच्या एकट्या आलिया बॉस्टनचे सोळा. मी त्या कागदाचा फोटो काढून इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मंडळात बास्केटबॉल पाहणारे मोजून तीन. बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी लिहिलं होतं: ‘सामना कोण जिंकणार हे या एका ओळीत असतं.’

जवळपास एका वर्षाने, ३१ मार्च २०२३ ला, डॅलसमध्ये उपांत्य सामना. साउथ कॅरोलायना त्या मोसमात ३६ सामने खेळून एकही हरलेली नव्हती. समोर आयोवा. रिबाउंड ४९–२५. म्हणजे जवळपास तीच ओळ. चढाईतले आमचे २६, आयोवाचे दोन्हीकडचे मिळून २५! आणि सामना आयोवाने ७७–७३ असा जिंकला.

आयोवाच्या केटलिन क्लार्कने ४१ गुण केले, तिच्यापुढे कुणाचं काय चालणार, असं म्हणून मी त्या रात्री स्वतःची समजूत घातली. पण ती समजूत झोपेपर्यंतही टिकली नाही. २६ चेंडू परत मिळवूनही हरायचं कसं?

उत्तर माझ्या शेजारच्या खुर्चीवर होतं. पुकारणाऱ्या बाई. मी त्यांना मनात आजी म्हणते. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या आयोवाच्याच, लेकीजवळ राहायला म्हणून दक्षिणेत आलेल्या. पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्याला त्या आयोवाचा पिवळा-काळा स्वेटर घालून टेबलावर आल्या. मी २६ आणि २५ चं माझं दुःख त्यांना सांगितलं.

‘हनी, तुमच्या पोरींनी एवढे शॉट चुकवले, मग उचलायला चेंडू कमी कसे पडतील?’ त्या म्हणाल्या. ‘आयोवाने ठरवूनच आत गर्दी केली आणि बाहेरच्यांना म्हटलं, घ्या शॉट. तुम्ही घेतले. तीन गुणांचे वीस घेतले, चार गेले. उरलेले तुम्ही वेचत बसलात.’

चुकांचा ढीग मोठा, म्हणून वेचलेल्यांचा ढीगही मोठा. टक्केवारीची एवढी पुस्तकं वाचून हे मला आधी सुचायला हवं होतं. पण ग्रुपवर फोटो टाकण्याच्या नादात मला सोयीचा होता तो आकडा मी पाहिला. (पुढे २०२४ च्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा भेटले, साउथ कॅरोलायनाने ८७–७५ ने हिशेब चुकता केला, कमिला कार्डोसोने सतरा रिबाउंड घेतले. तेव्हा मी ग्रुपवर काहीही टाकलं नाही.)

आजींबद्दल थोडं सांगायला हवं. आयोवाच्या शाळांमध्ये मुली १९९३ पर्यंत एक निराळाच बास्केटबॉल खेळत. एका बाजूला सहा जणी: तीन फॉरवर्ड, तीन गार्ड. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. फॉरवर्डनी एका अर्ध्यात शॉट मारायचे, गार्डनी दुसऱ्या अर्ध्यात अडवायचं. चेंडू दोनदाच आपटायचा, मग पास. आजकालच्या मुलींना सांगितलं तर हसतात, पण त्या खेळाच्या राज्य स्पर्धेला डे मॉइनचं सभागृह ओसंडून वाहायचं. आजी गार्ड होत्या. म्हणजे त्यांनी शाळेच्या सगळ्या वर्षांत एकही गुण केला नाही. करायची सोयच नव्हती. समोरच्या फॉरवर्डला अडवायचं, तिचा शॉट चुकला की चेंडू आपल्याकडे येईल असं पाहायचं आणि रेघेपलीकडे देऊन टाकायचा. ‘गावच्या वर्तमानपत्रात माझं नाव चार वर्षांत दोनदा आलं,’ त्या म्हणाल्या, ‘एकदा स्पेलिंग चुकलं होतं.’

त्यांनी मला एक शिक्षा दिली. शिक्षाच म्हणते. एका सामन्याला माझ्या जागी एका विद्यार्थिनीला बसवलं आणि मला बोर्डाच्या मागच्या बाकांवर पाठवलं. अट एकच. एक मुलगी निवडायची आणि चेंडूकडे न बघता फक्त तिच्याकडे बघायचं.

करून पाहा. मान आपोआप चेंडूमागे वळते. पहिली दहा मिनिटं मला जमलंच नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये थोडं जमायला लागलं, आणि मग जे दिसलं त्याने माझी पाच वर्षांची सगळी टिपणं फिकी पडली.

मी निवडली होती आमचीच उंच मुलगी, माझ्या यादीतली पहिली. शॉट हवेत गेला की ती वर बघायची आणि रिंगच्या अगदी खाली जाऊन हात उंच करायची. अंगाला अंग लावायची नाही. तिथे पडणारा चेंडू तिचाच. पण हल्ली चेंडू तिथे फारसा पडतच नाही. २०२१-२२ पासून मुलींची तीन गुणांची रेघ मागे सरकून २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. लांबचा शॉट चुकला की लांब उसळतो, तिच्या उंच हातांवरून मागे निघून जातो. कोपऱ्यातून मारलेला चुकला तर बहुधा पलीकडच्या बाजूला पडतो. ती मात्र दर वेळी त्याच जागी, देवळातल्या घंटेखाली उभं राहावं तशी. तरी तिला त्या दिवशी आठ मिळाले. त्यातले तीन समोरच्यांच्या चुकलेल्या फ्री थ्रोचे. फ्री थ्रोच्या वेळी रिंगजवळच्या जागा नियमानेच बचाव करणाऱ्या संघाला दिलेल्या असतात. दोन आमच्याच मुलींनी तिला घेऊ दिलेले. शाळेतही तसंच चालत असणार, संघातली सगळ्यात उंच मुलगी, बाकीच्या बाजूला होत असणार. हे सगळं माझ्या टक्केवारीत धडधडीत रिबाउंड म्हणून जमा होतं.

दोष त्या पोरीचा नव्हे. ती कष्टाळू होती, हसरी होती, सामना संपल्यावर टेबलावर येऊन ‘थँक यू मॅम’ म्हणून जाणारी होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायची गरज आहे हे माझ्या आलेखांनी कोचपासून लपवलं होतं.

‘पाठीवर घे! आधी पाठीवर घे, मग बॉल बघ!’ नागपूरला आमचे सर घसा फोडून हेच ओरडायचे. बॉक्स आउट. शॉट गेला की चेंडू विसरायचा, आपल्याजवळची विरोधी खेळाडू शोधायची, तिच्या अंगाला आधी हाताची टेक लावायची, मग वळून कंबर खाली करून तिला पाठीवर घ्यायचं आणि रुंद बसायचं. ती ढकलते, ढुशा देते, आपण हलायचं नाही. हे घाणीचं काम. मला ते तेव्हाही आवडायचं नाही आणि इथे येऊन आकडे टिपायला लागल्यावर तर मी ते विसरूनच गेले, कारण त्याला रकाना नव्हता.

मुंबईच्या दोन वर्षांत हेच मी रोज करत होते की! दादरला संध्याकाळी सहा दहाच्या गाडीला लेडीज डबा नेमका कुठे थांबतो हे ठाऊक असलेल्या बायका गाडी दिसायच्या आधीच फरशीच्या एका ठरावीक तुकड्यावर पाय रोवून उभ्या असत. गाडी येताना धावत सुटणाऱ्या जोरात धावायच्या, पण चढायच्या मागून. जागा पटकावणं गाडी थांबायच्या आधीच संपलेलं असतं. रिबाउंडही तसाच. मुलींच्या खेळात तर जास्तच, कारण रिंगच्या वर उडी मारून चेंडू खुडणाऱ्या फारच थोड्या. सगळी लढाई रिंगच्या खाली, खांद्याच्या आणि कमरेच्या उंचीवर होते, आणि शॉट हातातून सुटल्यापासून रिंगला लागेपर्यंतच्या सेकंद-दीड सेकंदात होते. आम्ही टिपतो तो त्यानंतरचा क्षण.

मी जाऊन आजींना म्हटलं, आता मी चेंडू न मिळालेल्यांकडे बघणार. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘बघ. त्या डबल-डबलच्या दिवशीही तो रिबाउंड अकरा नंबरचा होता. तिने दोघींना अडवून धरलं होतं, चेंडूला पहिलं बोटही तिचंच लागलं. मी तिचा नंबर पुकारणार होते.’ म्हणजे यांना इतके दिवस माहीत होतं! तो अर्धा क्षण त्यांना काही सुचत नव्हतं म्हणून नव्हता. मी घाई केली, आणि तो सामना संपल्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत, एवढंच.

आमच्या प्रणालीत खेळाडूंच्या नावांखाली सगळ्यात शेवटी एक ओळ असते: ‘टीम’. शॉट चुकला, आपल्या मुलीने विरोधी मुलीला पाठीवर घट्ट धरलं, ती मागून हात घालायला गेली आणि तिच्याच हाताला लागून चेंडू बाहेर गेला, तर रिबाउंड कुणाच्याच नावावर लागत नाही. तो ‘टीम’ला जातो. गेल्या काही वर्षांत मी ती कळ शेकडो वेळा दाबली असेन. मला ती ओळ म्हणजे किरकोळ जमा वाटायची, किराणामालाच्या बिलातल्या ‘इतर’सारखी. आता सामना संपला की मी ती आधी बघते.

याच सुमारास कोर्टनी पॅरिसचा विचार माझ्या डोक्यात येऊन बसला. ओक्लाहोमा विद्यापीठाची ही खेळाडू माझं पूर्वीपासूनचं दैवत, अर्थातच आकड्यांमुळे. २००५ ते २००९ या चार मोसमांत २०३४ रिबाउंड, एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नोंदीत तिच्याआधी कुणीच घेतले नव्हते एवढे. सलग ११२ सामन्यांत डबल-डबल. हे आकडे मला पाठ होते. तिचे वडील बबा पॅरिस हे अमेरिकन फुटबॉलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉर्टी-नाइनर्स संघाचे लाइनमन होते, हेही मला माहीत होतं, पण एखाद्या सामान्यज्ञानाच्या प्रश्नासारखं. लाइनमनचं काम काय? समोरच्या धिप्पाड माणसाला अंगावर घेऊन थोपवायचं, म्हणजे आपला खेळाडू चेंडू फेकू शकेल, पळू शकेल. चेंडूला त्याने सहसा हातही लावायचा नसतो. त्याच्या कामाला रकाना नाही. अशा माणसाची मुलगी रिबाउंडची राणी व्हावी, यात मला आता योगायोग दिसत नाही. घरातून नेमकं काय मिळालं ते मी कसं सांगणार. पण जुनी चित्रफीत लावून चेंडू सोडून तिच्याकडे पाहा: ती उडी फार उंच मारत नाही, तिला मारावी लागत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बुटकी मुलगी आमच्या जिममध्ये खेळायला आली. तळाची, माझ्या यादीतली. त्या दिवशी टिपायला मीच होते, पण एव्हाना मला पडद्याकडे न बघता कळा दाबायची सवय झाली होती. शॉट सुटला की नऊ माना वर जायच्या आणि ही एकटी खाली बघायची, आमची उंच मुलगी कुठे आहे ते शोधायची. मग एक पाऊल, कोपराच्या खालचा हात तिच्या पोटाशी, वळण, आणि बैठक. आमची मुलगी तिच्या पाठीमागे भिंतीला टेकल्यासारखी. चेंडू त्यांची छोटी गार्ड चालत येऊन उचलायची. चढाईच्या रिंगखाली ही चेंडू पकडायच्या भानगडीतच पडायची नाही, बोटांनी मागे ढकलून द्यायची, तिथे तिची सोबतीण उभी असणारच हे गृहीत धरून. पकडलाच तर दोन्ही हातांनी, हनुवटीखाली, कोपरं बाहेर, आणि पाय जमिनीला लागताच पास गेलेला. नाहीतर रिबाउंड घेऊन लगेच चेंडू घालवणाऱ्या कितीतरी असतात. त्यांचा तो रिबाउंडही मोजलाच जातो.

सामन्याच्या शेवटी तिचे रिबाउंड तीन. आमच्या उंच मुलीचे चार, तिच्या नेहमीच्या निम्मेसुद्धा नाहीत. त्यांच्या ‘टीम’च्या ओळीत सात. आम्ही अकराने हरलो.

कोचच्या खोलीत जाऊन मी माफी मागितली. नीट, उभ्याने, शब्द न फिरवता. ती बूट सोडत होती. म्हणाली, ‘यादी तू केलीस, पण सही माझी होती.’ आणि मग, ‘ती तीन रिबाउंडवाली पाहिलीस ना?’ तिने ‘पाहिलीस’ वर जोर दिला, एवढाच काय तो सूड.

घरी नवऱ्याला हे सांगितलं. तो फक्त क्रिकेट बघतो. तो म्हणाला, त्यात नवीन काय? एका टोकाकडून कुणीतरी निर्धाव षटकं टाकून जीव काढतो आणि दुसऱ्या टोकाला फटका मारायच्या नादात आउट झालेल्याची विकेट भलत्याच्या खात्यावर जाते. मला राग आला, कारण मला तीन वर्षं लागलेली गोष्ट त्याने भाजी चिरता चिरता सांगितली.

पण याचा अर्थ आकडे फेकून द्या, डोळे उघडे ठेवा, असं मी म्हणतेय असं कुणी समजू नये. डोळाही कमी लबाड नाही. उंच उडणारी, चेंडू हातात आला की तळव्याने फटकन वाजवणारी, ओरडणारी मुलगी बघणाऱ्याच्या मनात भरते. अशाच एकीवर मी खूश होऊन आले होते. मग चित्रफीत हळू करून पाहिली, तर ती दर वेळी आपल्या वाट्याची विरोधी खेळाडू सोडून चेंडूकडे धावत होती आणि तिने सोडलेलीला दुसरीच कुणी सांभाळत होती.

एंजल रीसच्या बाबतीत तर माझ्या डोळ्यांनी आकड्याची बाजू घेतली. लुइझियाना स्टेटकडून २०२२-२३ च्या मोसमात ३४ डबल-डबल, सामन्याला पंधराच्या वर रिबाउंड, आणि राष्ट्रीय विजेतेपद. व्यावसायिक लीगमध्ये २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी सामन्याला तेरा. लोक हिणवतात की यातले पुष्कळ तिच्या स्वतःच्याच चुकलेल्या शॉटचे असतात. तिने त्या टोमण्याचाच ब्रँड करून टाकला, तो भाग वेगळा. मीही आधी हसणाऱ्यांत होते. टक्केवारीवालीला हे आयतं कोलीत: आधी चुकवायचं, मग मिळवायचं आणि दोन्ही रकाने भरायचे. पण बोर्डाच्या मागे बसून बघायची सवय लागल्यावर तिच्या जुन्या कॉलेज सामन्यांत मला दुसरी उडी दिसली. पहिल्या उडीवरून खाली येताना बाकीच्यांचे गुडघे अजून वाकत असतात, तेवढ्यात हिची दुसरी उडी निघालेली असते, तीही दोन जणी अंगावर असताना. ते कौशल्यच आहे, आणि दुर्मीळ आहे. तिला शॉट नीट मारायला शिकवा, हे खरं. पण त्याचा राग रिबाउंडवर काढण्यात अर्थ नाही.

आजी मागच्या उन्हाळ्यात आयोवाला परत गेल्या. लेकीजवळ राहायला म्हणून आल्या होत्या, उकाडा सोसवत नाही म्हणून गेल्या. आता शेजारी एक तरतरीत मुलगा बसतो, भराभर नंबर पुकारतो, अर्धा क्षणही थांबत नाही.

कोचने या वर्षी पुन्हा मला यादी करायला सांगितलं. मी म्हटलं, यादी नाही, मी जाऊन बघते. चार शाळांच्या जिमा पालथ्या घातल्या, प्रत्येक ठिकाणी बोर्डाच्या मागे बसले. एका ठिकाणी शेजारच्या बाईने विचारलं, ‘यातली तुमची कोणती?’ मी म्हटलं, अजून ठरायचंय. ती जरा सरकून बसली. मी एक शंभर पानी वही घेतली होती आणि शिसपेन्सिलीने खुणा करत होते. अंगाला अंग लावलं की उभी रेघ. समोरचीला चेंडू मिळू दिला नाही की रेघेवर टोपी. मागे ढकलून सोबतिणीला दिला तर टिंब. लागोपाठ दुसरी उडी मारली तर दोन रेघा जोडून.

त्या रात्री आजींना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ‘किती झाल्या रेघा?’

मी सांगून टाकलं: एकीच्या एकतीस, दुसरीच्या चोवीस, तिसरीच्या बावीस, आणि मिनिटांच्या हिशेबाने पाहिलं तर तिसरी पहिलीच्या पुढे जाते. मग मात्र मी थांबले, कारण समोर लॅपटॉपवर एक्सेलची कोरी शीट उघडी होती आणि पहिल्या रकान्याला मी ‘टोपी’ असं नावही देऊन बसले होते.

पलीकडून आजींच्या हसण्याचा आवाज येत राहिला.